पोट फुगते म्हणून डाळ टाकू नका

सोयाबीनची काढणी आटोपली आणि गव्हाची पेरणी व्हायची आहे, असे मधले दिवस आम्ही घरभेटींसाठी राखून ठेवतो. पूर्वी या भेटींत पावसाची, मंडीतल्या भावाची आणि मुलांच्या शाळेची बोलणी होत. ती आताही होतात. पण अलीकडे त्यांच्या जोडीला एक तक्रार हटकून कानावर येते. "फादर, जेवलं की पोट डब्ब होतं. ढेकर येत नाही, वारा सरत नाही. रात्री झोप नाही." ज्या घरी ही तक्रार, त्या घरी उपायही तेच. सकाळी अनशापोटी गॅसची गोळी, रात्री पाण्यात फसफसणारी पूड, आणि वर हे वाक्य: "आम्ही डाळ बंदच केली."

हे शेवटचे वाक्य आम्हाला स्वस्थ बसू देईना, म्हणून हा लेख. ज्या माळव्यात हरभरा पिकतो, सोयाबीन पिकते, त्या माळव्यातला शेतकरी पोट फुगते म्हणून आपल्या ताटातली डाळ काढून टाकतो आणि उरलेली भूक गव्हाच्या रोटीवर आणि बटाट्यावर भागवतो. कर्त्या पुरुषाचे एक वेळ निभावेल. पण त्याच ताटात गरोदर सून जेवते, वाढत्या वयाची मुले जेवतात. मांस-मासळी आपल्या घरी रोज शिजत नाही. मग डाळ गेली की अंगात ताकद यावी कोठून? आमचे मत स्पष्ट आहे. डाळीला दोष देऊ नये. दोष आहे तो आपल्या रांधण्याच्या, जेवण्याच्या आणि औषध घेण्याच्या रीतीत. आणि काही वेळा पोट फुगणे हा गॅस नसतोच, तो मोठ्या दुखण्याचा निरोप असतो. या दोन गोष्टी आम्ही आज वेगळ्या करून सांगणार आहोत.

वायू येतो कोठून?

आपल्या पोटात लहान आतडे आहे, सुमारे सहा मीटर लांब, आणि त्यापुढे मोठे आतडे, सुमारे दीड मीटर. अन्नाचा जो भाग लहान आतड्यात पचत नाही, तो मोठ्या आतड्यात उतरतो. तेथे कोट्यवधी जंतू वस्तीला असतात. ते त्या उरलेल्या अन्नाला आंबवतात, जसे आपण पीठ आंबवतो. आंबवताना वायू निघणारच. निरोगी माणसाचा दिवसातून दहा-वीस वेळा वारा सरतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डाळी, राजमा, हरभरा आणि सोयाबीन यांत रॅफिनोज, स्टॅकिओज अशा नावांच्या काही साखरा असतात. त्या फोडण्याचे विकर मनुष्याच्या आतड्यात नसते. त्यामुळे त्या जशाच्या तशा खाली जातात आणि जंतूंची मेजवानी होते. पण येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हे जंतू आपले शत्रू नव्हेत. अन्न आंबवताना ते अशी आम्ले तयार करतात की ज्यांवर मोठ्या आतड्याचे अस्तर पोसते. म्हणजे शेणखतातल्या जंतूंनी जमीन पोसावी तसेच हे आहे. जंतूंना उपाशी मारून पोट सुधारत नाही. त्यांना झेपेल इतके आणि हळूहळू वाढवत द्यावे लागते. बरेच दिवस डाळ न खाणाऱ्याने एके दिवशी वाटीभर हरभरा खाल्ला तर पोट फुगणारच. तोच माणूस रोज दोन-दोन चमचे वाढवत गेला तर काही आठवड्यांत त्याचे पोट सवयीला येते.

दुसरे असे की, पोट फुगलेले दिसले म्हणजे आत वायूचा डोंगर साठला असेलच असे नाही. स्पेनमधील बार्सिलोना येथील डॉक्टरांनी अशा रोग्यांच्या पोटाची छायाचित्रे यंत्राने काढून पाहिली. पुष्कळांच्या पोटात वायू इतरांपेक्षा फारसा जास्त नव्हता. त्यांचा श्वासपटल खाली दाबला जात होता आणि पोटाची भिंत सैल पडत होती, म्हणून पोट पुढे येत होते. अशांचे आतडेही हळवे असते, थोडा वायूही त्यांना टोचतो. म्हणून तर चिंतेच्या दिवसांत, कर्जाच्या हप्त्याच्या आधी, पोट अधिक फुगते. अशा वेळी उताणे पडून पोटावर हात ठेवून दहा मिनिटे संथ, खोल श्वास घेतल्याने बऱ्याच जणांना आराम पडतो. या उपायाला एक पैसाही लागत नाही.

सोयाबीन आपले, रीत मात्र उसनी

आपल्या भागात पूर्वी खोल काळी जमीन पावसाळ्यात पडीक ठेवत आणि रब्बीला गहू-हरभरा घेत. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या साहाय्याने सोयाबीनचा प्रसार सुरू केला आणि पाहता पाहता त्या पडीक जमिनी हिरव्या झाल्या. १९८७ मध्ये इंदूरला सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही निघाले. पीक आले, पैसा आला. परंतु पीक घरात आले ते विकण्यासाठी. ते शिजवायचे कसे, हे आपल्या आजीला ठाऊक नव्हते, कारण तिच्या चुलीवर ते कधी चढलेच नव्हते. तुरीची, हरभऱ्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. सोयाबीनला आपल्या स्वयंपाकघरात तशी आजी लाभली नाही.

पुढे कोणीतरी सांगितले की सोयाबीनमध्ये शेकडा ४० प्रथिने असतात, ते पिठात मिसळा. सांगणे खरे होते. पण आपण काय केले? कच्चे सोयाबीन गव्हात टाकून चक्कीवर दळून आणले. येथेच चूक झाली. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन अवरोधक नावाचा पदार्थ असतो. प्रथिने पचवणाऱ्या विकराला तो अडवतो. तो नष्ट व्हायला ओली उष्णता लागते. रोटी तव्यावर दोन-तीन मिनिटे असते. तेवढ्या आचेचा भरवसा धरता येत नाही. मग पोट जड होते, फुगते, आणि आपण म्हणतो, "सोयाबीन बाधतं."

योग्य रीत अशी. सोयाबीन निवडून धुवावे. रात्रभर भिजवावे आणि ते पाणी फेकून द्यावे. मग उकळत्या ताज्या पाण्यात साधारण अर्धा तास उकळावे, तेही पाणी फेकावे, चोळून साले काढावीत आणि दाणे कडक उन्हात खडखडीत वाळवावेत. नंतर नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात मिसळून दळून आणावे. त्याहून जास्त घालू नये. बाजारची सोयाबडी असेल तर ती गरम पाण्यात भिजवून दोनदा घट्ट पिळावी, म्हणजे त्या वायूकारक साखरा पाण्याबरोबर निघून जातात. इंदूरच्या संस्थेने एनआरसी १२७ नावाचे वाण काढले आहे. त्यात या अवरोधकाचा मुख्य प्रकार, ज्याला कुनिट्झ म्हणतात, तो नाही. घरच्या खाण्यासाठी एखादा वाफा त्याचा लावता येईल का, हे कृषी विज्ञान केंद्रात विचारून पाहावे. पण हे वाणही उकळूनच खावे.

इतर डाळींचेही असेच. हरभरा, राजमा, वाटाणा आठ ते बारा तास भिजवावा, मध्ये एकदा पाणी बदलावे, शेवटचे पाणी ओतून टाकावे आणि बोटाने चिरडेल इतका मऊ शिजवावा. मोड आणले तर आणखी चांगले, कारण उगवताना दाणा त्याच साखरा स्वतः खर्च करतो. ज्यांचे पोट फारच हळवे आहे त्यांनी सालीच्या मूगडाळीपासून सुरुवात करावी. पण डाळ सोडू नये.

गहू, लसूण आणि दूध

आता एक कटू गोष्ट. ज्या गव्हाने आपले घर चालते, तोही काहींचे पोट फुगवतो. गव्हात फ्रुक्टन नावाचा पदार्थ असतो, आणि तोच कांद्यात व लसणीत अधिक असतो. आपल्याकडे सकाळी पोहे-जलेबी, दुपारी गव्हाची रोटी आणि लसणीची चटणी, रविवारी दाल-बाफले, मधल्या वेळी शेव. म्हणजे दिवसभर गहू, बेसन आणि लसूण यांचाच मारा. पूर्वी आपल्या भागात ज्वारी आणि मक्याची रोटी नित्याची होती. हातात पैसा आला तशी ती गरिबीची खूण ठरली. आम्हाला ही समजूत चुकीची वाटते. आठवड्यातून तीन-चार दिवस ज्वारी किंवा मका ताटात परत आणावा. लसणीचा स्वाद हवाच असेल तर अख्ख्या पाकळ्या तेलात परतून काढून टाकाव्यात आणि तेलच फोडणीला वापरावे. फ्रुक्टन पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही.

दुधाचे आम्ही स्वतःवरून सांगतो. घरभेटीत प्रत्येक घरी दुधाचा चहा होतो. दहा घरी दहा कप, वर बिस्किटे. नाही म्हटले तर यजमानाला वाईट वाटते. वर्षभर आमचे पोट संध्याकाळी नगाऱ्यासारखे होई आणि आम्ही बिचाऱ्या डाळीला बोल लावीत होतो. शेवटी एका डॉक्टरांनी विचारले, "दिवसात दूध किती?" मोजले तेव्हा उत्तर सापडले. बालपण सरले की दुधातली साखर पचवणारे विकर पुष्कळ जणांत कमी होत जाते. थोडे दूध चालते, फार झाले की वायू धरतो. दह्यात ती साखर कमी असते. म्हणून आता आम्ही घरभेटीत ताक मागतो, आणि कोणाला वाईट वाटत नाही.

गव्हाच्या शेतातले लेकरू

आमच्या ओळखीच्या एका शेतकरी घरातली मुलगी नऊ वर्षांची होती. हातपाय काड्यांसारखे, पोट मात्र पुढे. उंची धाकट्या भावाएवढी. रक्त कमी. घरच्यांना वाटले जंत आहेत. दर काही महिन्यांनी जंताचे औषध दिले, अंगारे-धुपारे झाले, आणि अंगात भरावे म्हणून तुपात भिजवलेले बाफले आग्रहाने खाऊ घातले. शेवटी रक्ततपासणी झाली तेव्हा कळले की तिला सीलिॲक नावाचा आजार आहे. या आजारात गव्हातले ग्लुटेन लहान आतड्याचे अस्तर झिजवते. जे प्रेमाने भरवले तेच तिला आतून पोखरत होते. आज ती मका, ज्वारी आणि भात खाते, आणि वर्षभरात तिची उंची वाढली. बापाने शेतात गहू पेरणे सोडले नाही, पण तिच्यासाठी चूल, पीठ आणि डबे वेगळे ठेवले आहेत.

हा आजार दुर्मिळ समजू नये. दिल्ली परिसरात झालेल्या पाहणीत, जिचा अहवाल २०११ मध्ये निघाला, सुमारे शंभरात एकाला तो आढळला. गहू खाणाऱ्या प्रदेशात तो लपून राहतो. म्हणून मूल वाढत नसेल, पोट फुगलेले असेल, वरचेवर जुलाब होत असतील, रक्त कमी असेल, तर टीटीजी नावाची रक्ततपासणी करवावी. मात्र तपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर तपासणी खोटी ठरते. आणि तपासणीविना कोणाचाही गहू कायमचा बंद करू नये.

अशा मुलांच्या आईवडिलांना येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. पवित्र कम्युनियनची भाकर गव्हाची असते, म्हणून त्यांना धास्ती वाटते. रोमच्या २००३ च्या पत्रानुसार अत्यल्प ग्लुटेनची भाकर चालते, आणि तीही सोसत नसेल तर केवळ द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येते. संकोच न करता मिस्साआधी येऊन सांगावे. त्या मुलीचे पहिले कम्युनियन असेच झाले.

शेतातली दिनचर्या

वीज रात्री येते, म्हणून पाणी रात्री द्यावे लागते. दिवसभर चहा-तंबाखूवर काढायचा, रात्री अकराला पोटभर बाफले खायचे आणि लगेच अंग टाकायचे. असे केल्यास कोणाचेही पोट बंड करील. रात्रीचे जेवण हलके असावे. दुपारचे शेतावरच, पण बसून आणि चावून व्हावे. भराभर गिळले की अन्नाबरोबर हवाही गिळली जाते. गुटखा-तंबाखू चघळण्यानेही तसेच होते. जेवणानंतर शेताच्या बांधावरून पंधरा मिनिटे चालावे.

आपल्या बहिणींचे दुःख वेगळे आहे. शेतात आडोसा नाही, म्हणून त्या दिवसभर पाणी पीत नाहीत आणि शौचाची भावना दाबून धरतात. मग मलावरोध होतो, आणि मलावरोध हे पोट फुगण्याचे फार मोठे कारण आहे. बाईला गॅसची गोळी आणून देण्यापेक्षा शेतावर चार पत्रे उभे करून आडोसा केला तर तिचे पोट लवकर बरे होईल. हे काम पुरुषांचे आहे, हे आम्ही मुद्दाम लिहितो.

पाण्याकडेही पाहावे. क्षिप्रेत खान नदीतून वर्षानुवर्षे सांडपाणी मिसळत आले आहे. अशा पाण्यातून जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जीव पोटात जातो आणि फुगारा, दुर्गंधी ढेकर व तेलकट जुलाब आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. त्रास टिकला तर मलतपासणी करावी, कारण यावर औषध आहे.

गोळी, पूड आणि चूर्ण

औषधाच्या दुकानात 'गॅसची गोळी' म्हणून मिळते ती बहुधा आम्ल कमी करणारी असते. तिचा आतड्यातल्या वायूशी फारसा संबंध नाही. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते आणि आतड्याच्या संसर्गाचा धोका वाढतो. मात्र डॉक्टरांनी अल्सरसाठी किंवा वेदनाशामक औषधांबरोबर ती दिली असेल तर मनाने बंद करू नये. फसफसणाऱ्या पुडीत सोडियम असते, ते रक्तदाबाच्या रोग्याला बरे नव्हे. जुलाबाचे चूर्ण रोज घेणेही टाळावे. आजीचे ओवा, जिरे, हिंग आणि पुदिना अवश्य घ्यावेत. पुदिन्याच्या तेलाचा उपयोग तर डॉक्टरही मानतात. पण पोटात आराम पडला म्हणजे कारण गेले असे समजू नये.

हे गॅस नव्हे

आता जे लिहितो ते कृपया घरातल्या सर्वांना वाचून दाखवावे.

छातीत दडपण, घाम, डाव्या हाताला किंवा जबड्याला कळ: हा गॅस समजून सोडा पीत बसू नये. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. ताबडतोब १०८ ला फोन करावा. सोड्यात आणि पहाटेची वाट पाहण्यात गेलेला तास परत मिळत नाही.

पन्नाशीच्या पुढे-मागे असलेल्या स्त्रीचे पोट प्रथमच आणि जवळजवळ रोज फुगू लागले, दोन घासांत पोट भरू लागले, ओटीपोट दुखू लागले, वरचेवर लघवीला जावे लागले, तर सोनोग्राफी करावी. अंडाशयाचा कर्करोग असाच चोरपावलांनी येतो. अशा बाईला घरातले सर्वजण "वय झालं, गॅस आहे" असे सांगतात आणि ती सर्वांचे ऐकते.

पोट फुगून पायांवरही सूज आली, डोळे पिवळे झाले, तर ते यकृताचे दुखणे असू शकते. दारू पिणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. संध्याकाळचा ताप, वजन घटणे आणि पोट फुगणे एकत्र आले तर पोटाचा क्षय असू शकतो. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. शौचातून रक्त, कारण नसता घटणारे वजन, सतत ओकारी, किंवा पोट एकाएकी फुगून वारा व शौच दोन्ही बंद होणे, यांपैकी काहीही झाले तर घरगुती उपाय बाजूला ठेवून दवाखाना गाठावा.

शेवटी

यांपैकी कोणतीही खूण नसेल तर दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. काय खाल्ले, किती वाजता, पोट केव्हा फुगले, शौच झाले का, एवढेच लिहावे. घरातले शाळेत जाणारे मूल हे आनंदाने लिहील. मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी: आधी दूध, मग लसूण-कांदा, मग रात्रीचे जेवण. सगळे एकदम बंद केले तर चोर सापडत नाही आणि माणूस मात्र वाळतो.

शेतात पीक पिवळे पडले तर आपण लगेच फवारा उचलत नाही. पाणी साचले का, मुळाला कीड आहे का, खत कमी पडले का, हे आधी वाकून पाहतो. आपल्या पोटाला आपण तेवढेही पाहू नये काय? पुढच्या घरभेटीत "फादर, डाळ पुन्हा सुरू केली, भिजवून" एवढे ऐकायला मिळाले तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. चहा मात्र नको, ताक चालेल.